कुंडलिकमामाची जांभळी पेन्सिल

गुरुवार, २८ डिसेंबर १९८९. रात्रीचे साडेनऊ. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मीटर-रूममध्ये काहीतरी जळलं आणि दोन्ही विंगा काळोखात गेल्या. वायरमन 'आलोच' म्हणाला होता, म्हणजे तो येणार नव्हता. घरात डास फोडून खात होते, म्हणून मी गच्चीवर गेलो. पोरं आधीच जमली होती. टाकीच्या कट्ट्यावर मेणबत्ती लावून दुसऱ्या मजल्यावरची क्षमा कसलीशी पानं कागदावर चिकटवत बसली होती. क्षमा बारावी सायन्सला. बाजूला तिची चेष्टा करायला नंदू आणि बाळा.

"काय गं, काय चाललंय?"

"हर्बेरियम, काका. दोन तारखेला सबमिशन. वीस झाडं वाळवून, चिकटवून, खाली चिठ्ठी. नाव, तारीख, ठिकाण."

मी चष्मा सरसावून एक चिठ्ठी वाचली. ठिकाण : बोरिवली नॅशनल पार्क. दुसरी वाचली. तेच. तिसरीही.

"नॅशनल पार्कला कधी गेली होतीस?"

नंदू फिस्सकन हसला. "कसलं नॅशनल पार्क, काका! सगळी मागच्या नाल्यावरची आहेत. आणि हे तर तिच्या आईच्या बाटलीतलं मनीप्लांट."

"ए, तू गप रे," क्षमा म्हणाली. "सगळेच असं लिहितात. बाईंना काय कळतंय पान कुठलं ते?"

एकतीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. रागावणं हा माझा धंदाच आहे. पण त्या रात्री मला राग आला तो धंद्याचा नव्हता.

"खोड ते."

"काका, शाईनं लिहिलंय."

"शाईनं. वा." मी कट्ट्यावर बसलो. "मग एक गोष्ट ऐक. ऐकून झाल्यावर खोडायचं की नाही, ते तूच ठरव."

"भुताची?" बाळा सरकून जवळ आला. "आज अमावास्या आहे हां काका."

"माहीत आहे. ती रात्रही अमावास्येचीच होती."

"खरी गोष्ट?"

"जिच्यावर गुजरली, तिच्या तोंडून ऐकलेली. शेवटचा तुकडा माझा आहे."

*

तेव्हा मी घाटकोपरला भटवाडीत राहत होतो. समोरच्या खोलीत लवू मेस्त्री. मूळचा मालवणकडचा, गिरणीत साचेवाला. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, मग वॉचमनकी धरली. त्याची मुलगी रत्नप्रभा उपनगरातल्या एका कॉलेजात बॉटनीत एम.एस्सी. करत होती. लवू चाळभर सांगायचा, "माझा चेडू झाडांचा डाक्टर होतला." लोक हसायचे. त्याला फरक पडत नव्हता.

त्या कॉलेजच्या बॉटनी विभागात कुंडलिक रणपिसे नावाचा लॅब अटेंडंट होता. सातारा जिल्ह्यातला, बौद्ध, सातवी पास. पंचवीस वर्षांची नोकरी. पोरं त्याला मामा म्हणायची. कुठल्याही झाडाचं लॅटिन नाव त्याला प्रोफेसरांच्या आधी कळायचं. फक्त ते उच्चारायचा मान प्रोफेसरांचा. डोंगरात, खाडीत फिरून नमुने गोळा करायचा मामा. खालच्या चिठ्ठीत 'जमा करणार' या रकान्यात नाव यायचं विभागप्रमुख नंदकुमार सरांचं. पंचवीस वर्षं, चार हजारांवर नमुने, मामाचं नाव एकावरही नाही.

एकदा रत्नप्रभानं त्याला विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत?

"नाव कुणाचंबी असू दे," मामा म्हणाला. "ठिकाण खरं पायजे. नाव चुकलं तर मागनं कुणीतरी झाड बघून दुरुस्त करंल. ठिकाण चुकलं, तर झाड बघून कुणाला कळणार न्हाई. ते कायमचं गेलं."

त्याची एक पद्धत होती. सहलीला गेले की संध्याकाळी सगळ्यांचे नमुने तो प्रेसमध्ये लावायचा. प्रेस म्हणजे दोन लाकडी जाळ्या, मध्ये वर्तमानपत्रांच्या थरात दाबलेली झाडं, वरून दोन चामडी पट्टे करकचून आवळलेले. रोज ओले कागद काढायचे, कोरडे घालायचे. एक दिवस चुकलात तर झाड काळं पडतं, बुरशी धरतं. तर हे कागद बदलताना मामा एकेकाला विचारायचा, "नंबर? तारीख? ठिकाण?" मोठ्यानं उत्तर द्यायचं. उत्तर बरोबर असलं की मामा नुसतं "हं" म्हणायचा आणि चिठ्ठी लिहायचा. कॉपिंग पेन्सिलनं. तुम्ही पोरांनी बघितली नसेल. जिभेवर ओली केली की जांभळी उठते. मामाचा खालचा ओठ कायम जांभळा.

"शाईनं का नाही लिहीत मामा?"

"खाडीत शाई फुटती. ही भिजली की आणखीनच पक्की होती."

*

मामा गेला १० ऑक्टोबर १९८४ला. बुधवार, कोजागरीच्या आसपासची उधाणाची भरती. कांजूरमार्गच्या खाडीत तिवराची, म्हणजे खारफुटीची, एक जात त्याला सापडली होती, या बाजूला कुणी न नोंदवलेली. पानं मिळाली होती, पण फुलाशिवाय ओळख पक्की होत नाही. सरांनीच पाठवलं, फूल घेऊन ये म्हणून. दुपारी भरतीचं पाणी चढलं तेव्हा मामाचे पाय चिखलात मांडीपर्यंत रुतले होते.

प्रेत दुसऱ्या दिवशी मिळालं. प्रेस मात्र झाडावर होती. हात पोचेल तितक्या उंच फांदीला पट्ट्यानं बांधलेली. आतले कागद कोरडे. फूल शाबूत. चिठ्ठी जांभळ्या अक्षरात. नंबर ४११२. १० ऑक्टोबर. कांजूरमार्ग खाडी.

"म्हणजे बुडताना त्यांनी…" क्षमा अर्धवटच बोलली.

"हो. स्वतःला सोडवायचं सोडून आधी प्रेस बांधली."

आता खरी हलकटगिरी ऐका. त्या खाडीत भराव टाकून इमारती उठवायच्या होत्या. बिल्डरचा सल्लागार कोण, तर आपले नंदकुमार सर. त्यांनी आधीच लिहून दिलं होतं की तिथे 'किरकोळ झुडपां'पलीकडे काही नाही. वर्तमानपत्रात कुणीतरी पत्र लिहिलं, म्हणून सरकारी कमिटी नेमली गेली. कमिटी सोमवारी, २४ डिसेंबरला, कॉलेजातले नमुने तपासायला येणार होती. ४११२ नंबरच्या कागदावर कांजूरमार्ग लिहिलेलं असेल, तर सर खोटे पडत होते.

आणि दुसरं. मामाची बायको सोनूबाई. कॉलेजनं तिला सांगितलं, तुमचा नवरा ड्यूटीवर नव्हता, रजा टाकून कुठेतरी भटकत होता. ड्यूटीवर असताना मेला असता तर त्याच्या जागी तिला नोकरी मिळाली असती. तो कॉलेजच्या कामानं त्या खाडीत उतरला होता, याचा पुरावा काय? ती एक चिठ्ठी. वीतभर कागद.

सरांनी रत्नप्रभाला केबिनमध्ये बोलावलं. तिच्यासमोर मामाची चिठ्ठी फाडली. म्हणाले, "खराब झाली होती. तुझं अक्षर चांगलं आहे. नवीन लिही. ठिकाण : रेवदंडा, जिल्हा रायगड. काळ्या शाईत, नीट." मग तिच्या प्रबंधाची फाइल उघडून म्हणाले, "यावर माझी सही कधी हवीय तुला?"

"तिनं लिहिलं?" नंदूनं विचारलं.

"लिहिलं. नाक मुरडू नकोस. घरी बाप वॉचमन, खाली दोन भावंडं. तू काय केलं असतंस?"



*

बुधवारी संध्याकाळी तिनं खोटी चिठ्ठी लावली. गुरुवारी सकाळी कागद ओला. दोन महिने खडखडीत वाळलेला नमुना आणि आता ओला. शाई फुटली होती. सगळी नाही. फक्त रेवदंडा.

तिला वाटलं, छत गळतंय. डिसेंबरात. तिनं नमुना पुन्हा प्रेसमध्ये घातला, नवी चिठ्ठी लिहिली, कपाटाला कुलूप लावून किल्ली घरी नेली. शुक्रवारी सकाळी पुन्हा तेच. आता वास येत होता. ओहोटीला खाडीला येतो, तो.

शनिवारी सकाळी कागदांच्या घडीत चिखल होता. बारीक, काळा.

सर भडकले. "सोमवारी कमिटी आहे. रात्रभर इथे बस, दर दोन तासांनी कागद बदल, पण मला तो नमुना कोरडा पाहिजे."

२२ डिसेंबर १९८४. शनिवार. अमावास्या.

विभाग दुसऱ्या मजल्यावर. खाली गेटवर वॉचमन धोंडिराम. लवूची दुसरीकडे रात्रपाळी होती, सकाळी सहा वाजता तो मुलीला घ्यायला येणार होता. दहाला तिनं कागद बदलले. कोरडे होते. तिला जरा हायसं वाटलं. डबा खाल्ला. निवडणुकीची कसलीशी मिरवणूक लांबून गेली, मग सगळं शांत झालं.

बारा वाजले. ती कागद बदलायला उठली.

प्रेसच्या कोपऱ्यातून एक थेंब पडला.

मग दुसरा.

"आणि लाइट गेली," बाळा पुटपुटला.

नाही. भुताच्या गोष्टीत दिवा जातो. तिथे गेला नाही. ट्यूबलाइट चालू होती. टेबल दिसत होतं, कपाटं दिसत होती, भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. बारा वाजून दहा मिनिटं. त्या रात्रीच्या भरतीची वेळ तीच होती. हे तिला नंतर कळलं.

पाय गार पडले. तिनं खाली बघितलं. फरशी कोरडी होती. डोळ्यांना कोरडी. पण पाय भिजत होते. पाणी घोट्यापर्यंत आलं. तिला ते लागत होतं. दिसत नव्हतं.

तिनं दाराकडे जायला पाऊल उचललं. उचललं गेलं नाही. चप्पल रुतली होती. फरशीत.

मागे आवाज झाला. पट्टा आवळल्याचा. चामडं ताणलं गेलं, बक्कल लागलं.

दुसरा पट्टा.

तिनं वळून बघितलं नाही. वळायची गरजच नव्हती. तो आवाज तिनं तीन वर्षं प्रत्येक सहलीत ऐकला होता.

"नंबर?"

आवाज रागाचा नव्हता. दिवसभर चालून दमलेल्या माणसाचा होता. सवयीनं तिच्या तोंडून उत्तर गेलं. "एक्केचाळीसशे बारा."

"तारीख?"

"दहा… दहा ऑक्टोबर."

"ठिकाण?"

पाणी गुडघ्याला लागलं.

"रेव…"

मांडी. कंबर.

"ठिकाण?"

"मामा, माझं वर्ष जाईल हो… बाबांनी…"

 मामा सबबी ऐकायचा नाही. चुकलं की पुन्हा विचारायचा. तेवढंच. त्याच आवाजात.

"ठिकाण?"

छाती. श्वास घेता येईना. डोळ्यांसमोर कोरडी फरशी. कोरडं टेबल. घड्याळात बारा पंधरा…

गळा.

"कांजूर! कांजूरमार्गची खाडी, मामा. तुमची खाडी…"

पाणी थांबलं.

मग कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज. हळू. एकेक अक्षर.

"हं."

एवढंच.

ती किती वेळ तशीच उभी होती, तिला माहीत नाही. पाय हलवला तर हलला. प्रेस उघडली. नमुना कोरडा. पेन्सिलचा आवाज आला होता, तरी चिठ्ठी कोरी, जणू कधी कुणी लिहिलीच नव्हती. तिनं कॉपिंग पेन्सिल घेतली आणि खरं ठिकाण लिहिलं. 'जमा करणार'च्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं, कुंडलिक रणपिसे. नमुना पिशवीत घातला, रिकामी प्रेस कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. पहाटेपर्यंत ती धोंडिरामच्या शेगडीजवळ बसून होती. त्यानं चहा दिला. 

*

"झकास!" बाळानं श्वास सोडला. "म्हणजे मामा जिंकला ना?"

"थांब. आता माझा तुकडा."

रविवारी सकाळी ती माझ्या दारात आली. डोळे सुजलेले. सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. "काका, तुम्ही छापा. उद्या कमिटी यायच्या आत छापून आलं पाहिजे. मी एकटी उभी राहिले तर सर मला वेड्यात काढतील. छापून आलं तर नाही काढता येणार."

भूत मी वगळलं. बाकी सगळं लिहिलं. बिल्डर, सर, सोनूबाई, फाडलेली चिठ्ठी. संध्याकाळी संपादकांच्या टेबलावर ठेवलं. मतदान तोंडावर आलेलं, अर्धा अंक निवडणुकीनं खाल्लेला. आणि शेवटच्या पानावर त्याच बिल्डरची पानभर जाहिरात.

संपादक म्हणाले, "बातमी घेतो. बारा ओळी. पण ठिकाण कशाला? 'पूर्व उपनगरातील एका खाडीलगत' कर. कॉलेजही नको. नावं तर नकोच."

मी भांडलो. भांडखोर म्हणून माझी ख्याती आहे, माहीत आहे ना तुम्हाला? दहा मिनिटं भांडलो. मग खिशातलं पेन काढलं, माझ्याच हातानं 'कांजूरमार्ग' खोडलं आणि वर लिहिलं, 'एका खाडीलगत'. शाईनं.

सोमवारी पान पाचवर आलं. रत्नप्रभानं सकाळी अंक विकत घेतला आणि न वाचताच कमिटीसमोर गेली. माझ्यावर विश्वास होता तिचा. एका हातात मामाचा नमुना, दुसऱ्या हातात अंक. सरांनी शांतपणे सांगितलं, "नमुना रेवदंड्याचा. हिनं चिठ्ठी बदललीय. मूळ नोंद आमच्याकडे टाइप केलेली आहे." ती म्हणाली, "खोटं आहे. हे बघा, पेपरात आलंय."

कमिटीतल्या एका म्हाताऱ्या साहेबांनी अंक घेतला. बारा ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघून विचारलं,

"यात ठिकाण कुठे आहे?"

 लांब हायवेवर एक ट्रक गेला.

डंपर फेब्रुवारीत लागले. आता तिथे तिवराची एक काडी नाही. सोनूबाई चार घरची धुणी-भांडी करते. रत्नप्रभाच्या प्रबंधावर सही झाली नाही. ती मालाडला एका क्लासमध्ये गणित शिकवते. झाडाचं नाव काढत नाही. लवूही आता कुणाला काही सांगत नाही.

"आणि ते सर?" क्षमानं विचारलं.

"प्राचार्य झाले."

"मामा त्यांना नाही विचारत? खरं विचारायला पाहिजे ते त्यांना!"

"मीही पाच वर्षं हाच विचार करतोय. मामाला मी ओळखत नव्हतो. पण रत्नप्रभा म्हणाली, ज्या पोराकडून खऱ्या उत्तराची आशा नसायची, त्याला मामा विचारायचाच नाही. त्याचा कागद नुसता बाजूला ठेवायचा."

"म्हणजे तुम्हाला…" नंदू थांबला.

मी खांद्यावरच्या शबनममधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून घडी घातलेला कागद. घरी ठेवत नाही. बायकोला आवडत नाही. माझ्याबरोबरच असतो.

पंच्याऐंशीच्या जूनमध्ये रत्नप्रभा कॉलेज सोडताना तिचं सामान घ्यायला गेली. कपाट उघडलं. किल्ली तिच्याच गळ्यात होती. दुसरी नव्हती. त्या अमावास्येच्या रात्री तिनं प्रेस रिकामी करून ठेवली होती, एकही कागद न ठेवता. आता ती आवळलेली होती, दोन्ही पट्ट्यांनी. आत एकच कागद. त्याच वेळी तो घेऊन ती माझ्याकडे आली. दारातच माझ्या हातात दिला. काका म्हणाली नाही.  गेली.

मी घडी उलगडून मेणबत्तीजवळ धरली. २४ डिसेंबरचा अंक. पान पाच. खालच्या कोपऱ्यात माझी बातमी. बारा ओळी. आणि समासात, 'एका खाडीलगत'च्या बरोबर शेजारी, जांभळ्या अक्षरात एकच शब्द. पुढे प्रश्नचिन्ह.

"ठिकाण?" क्षमानं वाचलं.

तिनं हात पुढे केला. मी अडवलं नाही. तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि चटकन मागे घेतलं. मेणबत्तीजवळ नेलं.

पाच वर्षांपूर्वीचा कागद. प्लॅस्टिकात बांधलेला.

तिचं बोट जांभळं झालं होतं. ओलं.